मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये! यवतमाळ-वऱ्हाडला 'जबाबदार सरकार' मिळालं कसं?

मार्च १९२४. नागपूरच्या कायदेमंडळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं बजेट मांडलं गेलं. निवडून आलेल्या सदस्यांनी त्यातल्या मागण्या फेटाळायला सुरुवात केली. मंत्र्यांच्या पगाराचा विषय आला, तेव्हा सभागृहानं आकडा ठरवला: वर्षाला २ रुपये.

मंत्र्यांना घरी जावं लागलं. सरकार मात्र गेलं नाही. मंत्र्यांची खाती ब्रिटिश गव्हर्नरनं स्वतःकडे घेतली आणि कारभार पुढे सुरू राहिला.

आज यवतमाळ जिल्ह्यातून ७ आमदार निवडून जातात आणि विधानसभेत बहुमत गेलं की सरकार जातं, हे आपण गृहीत धरतो. पण याच जिल्ह्यातल्या लोकांना आपल्या मतानं सरकार बनवण्याचा आणि पाडण्याचा हक्क मिळायला जवळपास ४० वर्षं लागली. मधला मोठा काळ तर असा होता की निवडणूक होती, आमदार होते, मंत्रीही होते, पण सरकार त्यांना उत्तर द्यायला बांधील नव्हतं.

'जबाबदार सरकार' म्हणजे नेमकं काय?

रोजच्या बोलण्यात 'जबाबदार' म्हणजे नीट वागणारा. राज्यशास्त्रात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. मंत्रिमंडळ कायदेमंडळाला जबाबदार असणं, म्हणजेच सभागृहाचा विश्वास असेपर्यंतच त्याला सत्तेत राहता येणं, याला जबाबदार सरकार म्हणतात.

लोकनियुक्त सभागृह आणि जबाबदार सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभागृहात लोकांनी निवडलेले सदस्य असू शकतात, ते प्रश्न विचारू शकतात, भाषणं करू शकतात. पण ज्याच्या हातात सही आणि तिजोरी आहे त्याला ते हटवू शकत नसतील, तर ते सभागृह फार तर सल्ला देतं.

ब्रिटिशांनी भारतासाठी हा शब्द अधिकृतपणे वापरला तो २० ऑगस्ट १९१७ रोजी. भारतमंत्री मॉन्टेग्यू यांनी ब्रिटिश संसदेत जाहीर केलं की भारतात टप्प्याटप्प्यानं जबाबदार सरकार आणणं हे आपलं धोरण आहे. टप्पे किती आणि कधी, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडेच ठेवला.

आधी प्रश्न हा, की वऱ्हाड कुणाचं?

बाकीच्या प्रांतांपेक्षा वऱ्हाडची गोष्ट जास्त गुंतागुंतीची होती. कागदोपत्री वऱ्हाड ब्रिटिशांचं नव्हतंच. ते हैदराबादच्या निजामाचं होतं.

१८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिलं. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड ब्रिटिशांकडे कायमच्या भाडेपट्ट्यानं आलं आणि बदल्यात निजामाला वर्षाला २५ लाख रुपये ठरले. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि सत्तेचं केंद्र नागपूर झालं.

आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं नावही याच काळातलं. आधी हा जिल्हा वणीच्या नावानं ओळखला जायचा. १९०५ च्या फेररचनेत तो यवतमाळ झाला. तेव्हाच वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळमध्ये आला. वऱ्हाडचे चार जिल्हे उरले: अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ.

म्हणजे यवतमाळच्या शेतकऱ्यावर राज्य ब्रिटिशांचं, कारभार नागपूरचा आणि मालकी निजामाची. अशा माणसाच्या मताला किंमत द्यायची तरी कोणत्या कायद्यानं?

निवडून या, मग आम्ही नेमणूक करू

मध्य प्रांताचं पहिलं कायदेमंडळ १९१४ मध्ये भरलं. तोवर इथं मुख्य आयुक्ताचा एकहाती कारभार होता. नव्या कायदेमंडळात सरकारनं नेमलेले सदस्य जास्त होते आणि निवडलेले मोजके.

वऱ्हाडला त्यात ३ जागा मिळाल्या, पण एक पेच होता. निवडणुकीचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता आणि वऱ्हाड कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतं. यावर तोडगा असा निघाला की वऱ्हाडच्या मतदारांनी माणूस निवडायचा आणि मग सरकारनं त्याच माणसाची 'नेमणूक' करायची. निवडून येऊनही तो कागदावर नामनियुक्त सदस्य!

कायद्यांचंही तसंच. नागपूरच्या कायदेमंडळानं केलेला कायदा वऱ्हाडला आपोआप लागू होत नसे. तो वऱ्हाडला लावण्यासाठी भारत सरकारला वेगळा आदेश काढावा लागे. पुढे वऱ्हाडच्या जागा १७ झाल्या, तरी निवडून येऊन नामनियुक्त होण्याचा हा प्रकार सुरूच राहिला.

१९२१: अर्धं सरकार तुमचं, अर्धं आमचं

१९१९ च्या कायद्यानं प्रांतांमध्ये 'द्विदल राज्यपद्धती' आली. सरकारी खात्यांची दोन भागांत वाटणी झाली.

शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही 'सोपीव' खाती भारतीय मंत्र्यांकडे गेली. हे मंत्री सभागृहाला जबाबदार होते. पोलीस, तुरुंग, जमीन महसूल, पाटबंधारे, अर्थ ही 'राखीव' खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. त्यांना सभागृह हात लावू शकत नव्हतं.

थोडक्यात, शाळा आणि दवाखाने मंत्र्यांकडे, पण त्यासाठी पैसा द्यायचा की नाही हे ठरवणारं अर्थखातं दुसऱ्याकडे. शेतीखातं मंत्र्याकडे, पण शेतसारा किती हे ठरवणारं खातं दुसऱ्याकडे.

यवतमाळसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. जंगल. जिल्ह्याचा मोठा भाग जंगलाचा. गुरांचं चराऊ रान, गवत, सरपण, इमारती लाकूड यांसाठी कोलाम, गोंड, बंजारा आणि इतर शेतकऱ्यांचा रोजचा संबंध जंगलखात्याशी. मुंबई आणि ब्रह्मदेशात जंगलखातं सोपीव होतं. मध्य प्रांत-वऱ्हाडात ते राखीव राहिलं. म्हणजे यवतमाळच्या माणसाचा ज्या खात्याशी सर्वाधिक संबंध यायचा, त्याचा जाब विचारायला सभागृहाला जबाबदार असा मंत्रीच नव्हता.

मतदारही कमीच होते. ठरावीक सारा किंवा कर भरणाऱ्यालाच मत होतं. बहुसंख्य कूळ, शेतमजूर आणि स्त्रिया यादीच्या बाहेर.

१९२४: सभागृहानं सरकार पाडलं, तरी ते पडलं नाही

असहकाराच्या कार्यक्रमामुळे पहिल्या कायदेमंडळात काँग्रेस नव्हती; डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसनं त्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केलं. १९२३ च्या निवडणुकीत चित्र बदललं. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षानं 'आत जाऊन अडवा' असं धोरण घेतलं. संपूर्ण देशात या पक्षाला निर्विवाद बहुमत मिळालं ते फक्त एका प्रांतात: मध्य प्रांत आणि वऱ्हाड.

बहुमत असल्यानं मंत्रिपदं त्यांना मिळू शकत होती. त्यांनी ती नाकारली. डॉ. बा. शि. मुंजे यांच्यासारखे नेते सभागृहात असलेल्या या पक्षाचं म्हणणं होतं की अर्धवट सत्ता चालवून दाखवली, तर ती पुरेशी आहे असाच अर्थ निघेल.

जानेवारी १९२४ मध्ये मंत्र्यांवर अविश्वास दाखवणारा ठराव मंजूर झाला. मार्चमध्ये बजेटच्या मागण्या फेटाळल्या गेल्या आणि २ रुपये पगाराचा ठराव आला. एवढं होऊनही गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्याकडे कायद्यानं दिलेले विशेष अधिकार होते. राखीव खात्यांचा पैसा ते स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शकत होते. सोपीव खातीही त्यांनी ताब्यात घेतली. १९२६ च्या अखेरपर्यंत प्रांतात मंत्रीच नव्हते.

स्वराज्य पक्षाला हेच दाखवायचं होतं. सभागृहानं 'नाही' म्हटलं तरी सरकार चालतं, याचा अर्थ ते सरकार सभागृहाला जबाबदार नाही.

तिजोरीवरून अशी लढाई इतरत्रही झाली होती. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात १८८८ मध्ये निवडलेली विधानसभा आली, पण केंद्राकडून येणाऱ्या पैशावर ताबा लेफ्टनंट गव्हर्नरचा. १८८९ मध्ये फ्रेडरिक हॉल्टेन आणि सहकाऱ्यांनी याच मुद्द्यावर सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. तिथं जबाबदार सरकार आलं १८९७ मध्ये. नागपुरात मात्र सल्लागार सोडून जाण्यानं किंवा बजेट फेटाळण्यानं काम भागलं नाही, कारण कायदाच गव्हर्नरच्या बाजूनं लिहिलेला होता.

बापूजी अणे आणि 'प्रतियोगी सहकार'

अडवणूक किती दिवस करायची, यावरून स्वराज्य पक्षातच फूट पडली. ठिणगी वऱ्हाडातून पडली. कायदेमंडळाचे अध्यक्ष असलेले अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी १९२५ मध्ये गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं पद स्वीकारलं. पक्षाच्या धोरणाच्या हे थेट विरोधात होतं. मोतीलाल नेहरू संतापले. उलट महाराष्ट्र-वऱ्हाडातल्या अनेक नेत्यांना वाटत होतं की मिळेल ती सत्ता घ्यावी आणि तिथून लढावं.

फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात या मंडळींनी 'प्रतियोगी सहकार' पक्ष उभा केला. न. चिं. केळकर, मु. रा. जयकर, मुंजे आणि यवतमाळचे माधव श्रीहरी अणे हे त्याचे प्रमुख नेते.

लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० चा, वणीचा. वकिली यवतमाळला. ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. सत्ता घेऊन लढायचं की बाहेर राहून, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं त्यांनी स्वतः करून पाहिली.

१९२६ च्या निवडणुकीनंतर नागपुरात पुन्हा मंत्री आले. ई. राघवेंद्र राव आणि रामराव देशमुख. १९३० मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख मंत्री झाले. पण खात्यांची वाटणी तीच होती आणि जंगल राखीवच होतं.

पुसदचं गवत

जुलै १९३० मध्ये पुसदजवळ बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. त्यांना अटक झाली आणि ६ महिन्यांची शिक्षा झाली. मिठाच्या सत्याग्रहाला इथं समुद्र नव्हता, म्हणून वऱ्हाड आणि मध्य प्रांतानं जंगल निवडलं. यवतमाळ जिल्हा या आंदोलनाच्या केंद्रस्थानी होता.

जंगल सत्याग्रह देशव्यापी सविनय कायदेभंगाचा भाग होता. तरी तो यवतमाळमध्ये इतका का पेटला, याचं एक उत्तर खात्यांच्या वाटणीतही सापडतं. ज्या खात्याचा जाब सभागृहात विचारता येत नव्हता, त्याचा जाब लोकांनी विळा घेऊन जंगलात विचारला.

पुढे अण्यांनी दुसरा मार्गही पाहिला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. हे मंडळ कायदेमंडळाला नव्हे, व्हाइसरॉयला उत्तर देणारं. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या २१ दिवसांच्या उपोषणाच्या वेळी सरकारनं त्यांची सुटका करायला नकार दिला, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांनी राजीनामे दिले. अशा मंडळात बसलेल्या माणसाच्या हातात अखेर राजीनामा हेच हत्यार होतं.

१९३७: पहिल्यांदा पूर्ण मंत्रिमंडळ

१९३५ च्या कायद्यानं प्रांतांतली द्विदल पद्धत संपली. जंगल, महसूल, पोलीस, अर्थ अशी सगळी प्रांतिक खाती मंत्र्यांकडे आली. वऱ्हाडसाठी मात्र पुन्हा निजामाशी करार करावा लागला. ऑक्टोबर १९३६ च्या या करारात वऱ्हाडवरचं निजामाचं स्वामित्व मान्य करण्यात आलं, त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला आणि वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांतासोबत एकच प्रांत म्हणून चालेल असं ठरलं.

१९३७ च्या निवडणुकीत ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळालं. गव्हर्नर विशेष अधिकार वापरणार का, या वादात काही महिने गेले. जुलैमध्ये डॉ. ना. भा. खरे यांचं मंत्रिमंडळ आलं. त्या काळी प्रांताच्या प्रमुखालाही 'पंतप्रधान' म्हणत. घनश्यामसिंह गुप्ता सभापती झाले, तर अनसूयाबाई काळे उपसभापती.

मताचा हक्क वाढला होता, पण अजूनही मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटी होत्या. गव्हर्नरचे विशेष अधिकारही कायम होते. ते किती मोठे आहेत, हे वर्षभरातच कळलं.

१९३८: दहा दिवसांचं नाट्य

खरे मंत्रिमंडळात मराठी आणि हिंदी भागांतल्या नेत्यांचं पटत नव्हतं. मे १९३८ मध्ये पचमढीला समेट झाला, पण तो टिकला नाही.

२० जुलैला खरे यांनी राजीनामा दिला. वऱ्हाडचे पु. बा. गोळे आणि रामराव देशमुख हे दोन मंत्रीही त्यांच्यासोबत गेले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता यांनी मात्र पक्षाच्या आदेशाशिवाय राजीनामा देणार नाही असं सांगितलं. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना बडतर्फ केलं आणि २१ जुलैला खरे यांनाच नवं मंत्रिमंडळ बनवू दिलं. काँग्रेस श्रेष्ठी संतापले. २३ जुलैला खरे यांनी पुन्हा राजीनामा दिला. वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणी बसली, विधिमंडळ पक्षानं शुक्ल यांना नेता निवडलं आणि २९ जुलैला ते पंतप्रधान झाले.

या सगळ्यात विधानसभेत एकही अविश्वास ठराव आला नाही. खरे यांची बाजू अशी की आपले सहकारी निवडणं हा पंतप्रधानाचा हक्क आहे. काँग्रेसची बाजू अशी की लोकांनी मतं पक्षाला दिली आहेत आणि गव्हर्नरच्या मदतीनं सहकाऱ्यांना काढणं हा विश्वासघात आहे. मुख्यमंत्री जबाबदार कुणाला? सभागृहाला, पक्षाला की राज्यपालाला? हा प्रश्न वऱ्हाडच्या राजकारणात १९३८ मध्येच विचारला गेला होता.

नोव्हेंबर १९३९ मध्ये भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४६ पर्यंत पुन्हा गव्हर्नरचं राज्य.

एका नजरेत

- १९०३: वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराखाली
- १९१४: पहिलं कायदेमंडळ, वऱ्हाडचे सदस्य निवडून मग नामनियुक्त
- १९२१: द्विदल पद्धत, जंगल व महसूल राखीव
- १९२४ ते १९२६: मंत्र्यांविना कारभार
- १९३७: सर्व प्रांतिक खाती मंत्र्यांकडे
- १९३९ ते १९४६: गव्हर्नर राजवट
- १९५०: नागपूर राजधानी असलेलं मध्य प्रदेश राज्य
- १९५२: प्रौढ मतदानानं निवडलेली पहिली विधानसभा
- १९५६: विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात
- १९६०: महाराष्ट्र

पुसदहून मुख्यमंत्रिपदापर्यंत

संविधानानं दोन गोष्टी एकदम केल्या. प्रत्येक प्रौढाला मत दिलं आणि कलम १६४ मध्ये लिहून ठेवलं की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. निजामाचं कागदोपत्री स्वामित्वही इतिहासजमा झालं.

१९५२ मध्ये पुसदमधून वसंतराव नाईक मध्य प्रदेशच्या विधानसभेत निवडून आले आणि शुक्ल मंत्रिमंडळात उपमंत्री झाले. २२ वर्षांपूर्वी याच पुसद परिसरात गवत कापलं म्हणून तुरुंग मिळत होता. आता तिथला बंजारा समाजातला आमदार सरकारात होता. १९६३ ते १९७५ अशी ११ वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. रोजगार हमी योजना सुरू झाली ती त्यांच्याच काळात, १९७२ च्या दुष्काळात.

त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. मुंबईतल्या दंगलींनंतर १९९३ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि शरद पवार आले. सभागृहात पराभव होऊन नव्हे, तर पक्षनेतृत्वाच्या निर्णयानं. खरे प्रकरणातला प्रश्न ५५ वर्षांनी पुन्हा समोर होता.

मग आज हे का माहीत असावं?

कारण तिन्ही प्रश्न अजून जिवंत आहेत.

पहिला, राज्यपालाचा. बहुमत आहे की नाही हे राजभवनात नव्हे, सभागृहात ठरलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या बोम्मई खटल्यात स्पष्ट केलं. महाराष्ट्रातल्या २०२२ च्या सत्तांतराबाबत ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही. सभागृहात प्रत्यक्ष मतदान होणं किती महत्त्वाचं असतं, ते इथं दिसतं.

दुसरा, पक्षाचा. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदारानं पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे घोडेबाजाराला आळा घालायचा हेतू होता. पण आपल्याच सरकारला आमदारानं जाब विचारायचा, ही जबाबदार सरकारची मूळ कल्पना त्यामुळे कमजोर झाली, अशी टीकाही होते.

तिसरा, तिजोरीचा. १९२४ चा २ रुपयांचा ठराव आज विचित्र वाटतो, पण त्याचा भाऊबंद संसदेच्या नियमांत आहे. सरकारच्या एखाद्या धोरणालाच विरोध असेल, तर खासदार त्या खात्याची मागणी १ रुपयावर आणण्याची कपात सूचना देऊ शकतात. फरक इतकाच की आज अशी सूचना मंजूर झाली, तर सरकारला राहता येणार नाही.

वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड या ७ मतदारसंघांतले आमदार दर हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनाला जातात. कापसाचा भाव, वनहक्काचे दावे, पीकविमा हे विषय तिथं येतात. आता त्यातलं एकही खातं 'राखीव' नाही. उत्तर देणारा मंत्री समोर बसलेला असतो. आपल्या आमदारानं त्याला कोणता प्रश्न विचारला आणि बजेटवर मत देताना तो सभागृहात होता का, हे विचारणं मतदाराच्या हातात आहे.